वय कवटीचे की राखेचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

18 लाख वर्षांपूर्वीच्या कवटीचे वय ‘कार्बन डेटिंगने सिद्ध झाले’ असे कालच्या अंकात वाचले. हे शक्यच नाही. ही पद्धत मेलेल्या जिवात उरलेला किरणोत्सारी कार्बन-14 मोजते. त्याचे अर्धायुष्य 5730 वर्षांचे, म्हणजे दर तेवढ्या काळात तो निम्मा होतो. 50 हजार वर्षांनी मूळच्या सुमारे सव्वाचारशेवा भाग उरतो. त्यापुढे मोजण्याजोगे काही राहत नाही. कार्बन-14 पूर्ण संपलेल्या हाडात मुळांतून वा मातीतून एक टक्का आजचा कार्बन शिरला, तरी वय 37 हजारांच्या आसपास निघते.

इतक्या जुन्या कवटीचे वय बहुधा कवटीतून काढतच नाहीत. काढतात ते तिच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखी राखेचे, पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने. शिलारस वितळलेला असताना आर्गॉन वायू निसटतो. स्फटिक थिजले की पोटॅशियम-40 पासून होणारा नवा आर्गॉन आत अडकत जातो. तो मोजायचा. मात्र राख नदीने वाहून आणलेली असेल, तर वाटेतल्या जुन्या खडकांचे कण तिच्यात मिसळतात, सोबत जुना आर्गॉन आणतात आणि वय फुगते.

केनियातील तुर्काना सरोवराकाठच्या कूबी फोरा येथे हेच घडले. तिथल्या केबीएस नावाच्या राखथराचे वय 1970 मध्ये सुमारे 26 लाख वर्षे छापून आले. 1972 मध्ये त्या थराखाली ‘1470’ क्रमांकाची कवटी सापडली, म्हणून ती त्याहून जुनी ठरली. पण डुकरांच्या दातांचा मेळ बसेना: त्याच जातींचे दात इथिओपियातील ओमो खोऱ्यात 20 लाख वर्षांच्या आसपासच्या थरांत मिळत होते. दात खरे ठरले. राखेतल्या प्यूमिसच्या (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या) गोट्यांतले फेल्डस्पार या खनिजाचे स्वच्छ स्फटिक वेचून मोजल्यावर 1980 मध्ये राखेचे वय 18.9 लाखांवर आले. दहा वर्षांचा वाद मिसळलेल्या कणांचा होता!

म्हणून अशा बातमीत नेमके कशाचे वय मोजले, कोणत्या पद्धतीने आणि अधिक-उणे किती, हे तीन तपशील छापाच. अधिक-उणेचा आकडा तर तुमच्याकडे दरवेळी गळतो.

आणि ते माकडापासून माणसापर्यंतच्या रांगेचे चित्र कृपया बंद करा. होमो इरेक्टस आणि पॅरान्थ्रोपस बॉइसी या मानवकुळातल्या दोन जुन्या जातींची हाडे त्याच तुर्काना सरोवराकाठी एकाच काळाच्या थरांत मिळाली आहेत. ते एकामागोमाग नव्हते, शेजारी होते.

आपला,
एक वाचक