मांडवाची ओळ लिहिणाऱ्या वकीलसाहेबांस

आदरणीय वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचे, म्हणजे जंगलावरचा साऱ्या गावाचा हक्क मान्य केल्याचे, पत्र मिळाले, त्या दिवशी ग्रामसभेत आपले आभार मानायला मी उभा राहिलो आणि गळा दाटून आल्याने तसाच खाली बसलो. राहिलेले आज लिहीत आहे.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला, तेव्हापासून आम्हीही आस लावून होतो. आपल्याआधीच्या वकिलाने पैसे घेतले, म्हाताऱ्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेतले आणि पुढे फोन उचलणेच बंद केले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण आलात ते गळ्यात दुर्बीण अडकवून, आणि कागद मागण्याआधी ‘जंगल दाखवा’ म्हणालात. मोहफुले पडण्याच्या दिवसांत, भर उन्हात, आपण आमच्याबरोबर गावाची सगळी शीव पायी फिरलात, देवस्थानापाशी कोणी न सांगता जोडे काढलेत, आणि मोहाखालचा पाला पेटवला की वणवा तिथूनच लागतो, हे हाती खराटा घेऊन पोरांना समजावलेत.

पण मला विसरता येत नाही ती आबाजींच्या जबाबाची सकाळ. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते, हे आम्हाला आपल्याकडूनच कळले होते. आपल्या सहायकाने लिहिले, ‘सन 1940 पासून गाव या डोंगरातून बांबू आणत आहे.’ अंगठा घेण्याआधी आपण ते मोठ्याने वाचलेत, नातीने गोंडीत सांगितले, तेव्हा आबाजी म्हणाले, “साल मला ठाऊक नाही. माझ्या लग्नाचा मांडव मात्र त्याच डोंगरातल्या बांबूचा होता.” साल तसेच ठेवले असते तर दावा अधिक भक्कम दिसला असता आणि कोणी विचारलेही नसते. आपण ती ओळ खोडलीत, मांडवाची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिलीत, पुन्हा वाचून दाखवलीत आणि मगच शाईची डबी पुढे सरकवलीत. कायदा जाणणारे पुष्कळ भेटतात, पण गरिबाने सांगितले तेवढेच आणि तसेच लिहून घेणारा शिकलेला माणूस आम्ही प्रथमच पाहिला.

आबाजी त्या जबाबाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवतात, आणि पाहुणा आला की नातीकडून ती ओळ वाचून घेतात. आपण फी घेतली नाहीत, म्हणून त्यांनी आपल्यासाठी बांबूची एक टोपली विणून ठेवली आहे. ती न्यायला तरी यावे.

आपला कृतज्ञ,
ग्रामसभेचा सचिव