युक्रेनची पुस्तके दारातून परत का जातात? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

खार्किवहून आमच्या वाचनमंडळासाठी आलेले पुस्तकांचे पार्सल गेल्या आठवड्यात परत गेले. कारण दिले, आत बिल नाही. पुस्तके भेट दिलेली होती, तर बिल येणार कुठून? सीमाशुल्काच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याने 'पुस्तके, भेट' असे लिहून किंमतही घातली होती. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनच्या आकाशात नागरी विमान उडत नाही. तिथले पार्सल आधी जमिनीवरून सीमा ओलांडते, मग पुढे निघते. एवढे करून आलेली पुस्तके आपण परत पाठवता, याचा आम्हांला संताप आहे.

ती पुस्तके कुठून येतात, तेही ऐका. व्होलोदिमिर वाकुलेंको मुलांसाठी लिहीत. इझ्यूमजवळचे त्यांचे गाव रशियन सैन्याच्या ताब्यात असताना त्यांनी रोजनिशी लिहिली आणि बागेत पुरली. मार्च 2022 मध्ये त्यांना उचलून नेले आणि ठार मारले. सप्टेंबरमध्ये लेखिका व्हिक्टोरिया अमेलिना यांनी ती रोजनिशी खणून काढली. पुढच्या वर्षी क्रामातोर्स्कवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यात जखमी होऊन 1 जुलैला त्याही गेल्या. 23 मे 2024 ला खार्किवच्या फाक्तोर-द्रुक छापखान्यावर हल्ला झाला; 7 कामगार मेले, छापलेली हजारो पुस्तके जळाली. अशा शहरातून निघालेल्या पुस्तकांवर जुलै 2019 चे आपले 5 टक्के आयातशुल्क!

रक्कम किरकोळ आहे, असे सांगू नका. शुल्क आले की मूल्यांकन येते, ओळखपत्रे येतात, खेटे येतात. ई-बुक वाचा म्हणाल, तर आम्ही युक्रेनियन कविता मराठीत आणतो, ते काम त्यावर भागत नाही. मराठी खर्डा इंग्रजीवरून होतो. मग युक्रेनियन जाणणारा माणूस छापील मूळ समोर ठेवून तो ओळीओळीने तपासतो. इंग्रजीत गाळलेली ओळ तेव्हाच सापडते. कीव्हच्या मंडळींसोबतची बैठक इथे संध्याकाळी साडेसातला, म्हणजे कीव्हमध्ये उन्हाळ्यात पाचला, हिवाळ्यात चारला. तिकडे वीज जाते, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो, म्हणून प्रश्न आठवडाभर आधी पाठवायचे आणि उत्तरे ध्वनिमुद्रित मागवायची. एका बैठकीत तीनच कविता. जास्त घेतल्या की चर्चा वरवरची होते. मूळ प्रत एकच, ती टपालाने गावोगावी फिरते. 18 डिसेंबर 2024 ला नोंदणीकृत बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकांचे स्वस्त टपाल, बंद झाले. पुस्तकांसाठीची नवी टपालसेवा, ज्ञान पोस्ट, आली 1 मे 2025 ला. मधल्या साडेचार महिन्यांत ती प्रत फिरवायची कशी, याचा विचार सरकारात कुणी केला होता?

सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठी पुस्तके स्वस्तात येत. युक्रेनचे लेखक आपल्याला दिसले ते मॉस्कोने दाखवले तेवढेच. सोव्हिएत संघ मोडून तीन दशके उलटली, पण थेट वाट दिल्लीनेही बांधली नाही आणि मुंबईनेही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले. जगातले साहित्य मराठीत आणणाऱ्या अनुवादकाच्या हातात काय पडले? वाचक हा या व्यवस्थेच्या लेखी आयातदार आहे, नागरिक नाही.

5 किलोपर्यंतच्या भेट पुस्तकांना शुल्कमाफी द्या. बिलाऐवजी पाठवणाऱ्याचे घोषणापत्र ग्राह्य धरा आणि तसे परिपत्रक प्रत्येक परदेशी टपाल कार्यालयात लावा. पार्सल पुन्हा पाठवायला खार्किवचे लोक तयार आहेत. त्यांना काय कळवायचे, ते आम्हांला लेखी द्या.

आपले,
एका वाचनमंडळाचे सभासद