कंपोस्टेबल पिशव्यांना परवानगी आहे, कंपोस्टची सोय कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भाजीवाल्यापासून मिठाईच्या दुकानापर्यंत हल्ली हिरव्या अक्षरांत ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी सर्रास हातात पडते. ‘मक्यापासून केलेली आहे, मातीत जिरून जाते,’ असं विक्रेता सांगतो आणि घेणारा निर्धास्त होतो. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत आम्ही रहिवासीच करतो, म्हणून या पिशव्यांचं पुढे काय होतं ते दिसतं. भाज्यांची देठं आणि पालापाचोळा यांचं काळंभोर खत होतं. खत चाळताना या पिशव्यांच्या चिंध्या मात्र चाळणीवर उरतात.

याचं कारण कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकातच आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार होणारी चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसवर राखलेल्या कंपोस्टमध्ये होते आणि १८० दिवसांत पदार्थाचं ९० टक्के जैविक विघटन व्हावं लागतं. इतकी उष्णता मोठ्या प्रकल्पांतल्या, नीट हवा खेळवलेल्या ढिगांत टिकते. सोसायटीचा खड्डा काही दिवस तापतो आणि निवतो. या पिशव्यांत वापरलं जाणारं, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारं पीएलए नावाचं प्लास्टिक ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मगच त्याचं विघटन वेग घेतं. नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. शिवाय नुसतं पीएलए कडक असतं, म्हणून लवचीक पिशवीसाठी त्यात बहुधा पीबीएटी नावाचं दुसरं, लवचीक प्लास्टिक मिसळतात. तेही कंपोस्ट होतं, पण येतं मुख्यतः खनिज तेलातून. उलट ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिन बनतं, ते वनस्पतीचं असलं तरी कधीच कुजत नाही. वनस्पतीपासून बनणं आणि कुजणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

माझा या पदार्थाला विरोध नाही, हे आवर्जून सांगते. इटलीत मिलान शहराने २०१२पासून घराघरांतून अन्नाचा कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली, तोही कंपोस्टेबल पिशवीत. दुकानातून सामान घेऊन आलेली पिशवीच घरी ओल्या कचऱ्याच्या डब्यात लागते आणि कचऱ्यासकट प्रकल्पात जाते. तिथे हा पदार्थ खरोखर उपयोगी पडतो, कारण आधी कचऱ्याची व्यवस्था उभी राहिली.

आपल्याकडे उलटं झालं. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती ती रोपवाटिका, शेती, घनकचरा हाताळणी अशा कामांपुरती. ती मर्यादा शहाणपणाची होती. २०२२च्या अखेरीस राज्याने प्रमाणित कंपोस्टेबल ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ यांनाही वाट मोकळी केली. प्लास्टिकची पिशवी किमान १२० मायक्रॉन जाड हवी, ही केंद्राची अट कंपोस्टेबल पिशव्यांना लागू नाही, त्यामुळे पातळ पिशवी पुन्हा बाजारात आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेली पिशवी आणि नुसता शिक्का मारलेली साधी पिशवी, यांतला फरक ना भाजीवाल्याला कळतो, ना दंड करायला आलेल्या कर्मचाऱ्याला. यात सगळ्यात जास्त फटका कचरावेचक बायांना बसतो. दिसायला सारखाच असलेला पीएलएचा पेला पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळला की तो माल बिघडतो, आणि वेगळा काढला तर त्याला भंगारात भाव नाही.

२०२४मध्ये जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. उसाच्या राज्यात हा उद्योग वाढेल आणि शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले तर आनंदच आहे. पण जे बनेल ते कुजवायची सोयही त्याच वेगाने व्हायला हवी.

म्हणून राज्य सरकारला विनंती आहे, की कंपोस्टेबल पिशवीची परवानगी पुन्हा ओल्या कचऱ्याचे डबे, रोपवाटिका आणि शेती एवढ्यापुरतीच ठेवावी. पेले-ताटांना मुभा द्यायचीच असेल, तर ती वापरल्या जागीच गोळा करून थेट प्रकल्पात नेता येतील अशा ठिकाणी द्यावी, उदाहरणार्थ उपाहारगृहं, मंगल कार्यालयं. आणि आपल्या हद्दीतला कोणता प्रकल्प हा माल खरोखर स्वीकारतो, हे प्रत्येक महापालिकेने जाहीर करावं. असा प्रकल्पच नसेल, तर त्या शहरात या वस्तूंच्या विक्रीला परवानगी देऊ नये.

आपली,
एक वाचक, पुणे