खाडीकाठच्या बॅटऱ्या

महोदय,

सौर व पवन वीज साठवण्यासाठी मोठे बॅटरी प्रकल्प उभारण्याची आपल्याकडे लगबग सुरू असताना कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगचे उदाहरण नजरेआड करता येणार नाही. एल्कहॉर्न स्लू या संरक्षित खाडीच्या काठावर, जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइनगृहात ३०० मेगावॉटच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या होत्या. उपकेंद्र आणि वाहिन्या आयत्या मिळाल्याने जागा सोयीची होती, यात वाद नाही. पण हजारो बॅटऱ्या एकाच छपराखाली रचण्याची किंमत १६ जानेवारी २०२५ रोजी कळली. आग भडकली, सुमारे १२०० रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि अग्निशमन दलाने ती विझवण्याऐवजी जळून जाऊ दिली. पुढे, जिथे समुद्री ऑटर आणि पेलिकन वावरतात त्या दलदलीच्या मातीच्या वरच्या थरात याच तीन धातूंचे वाढलेले प्रमाण संशोधकांना आढळले.

मी अशा प्रकल्पांच्या विरोधात नाही. परंतु खाडीकाठी ते उभारायचेच असतील, तर तुलनेने स्थिर अशा लोह-फॉस्फेट बॅटऱ्या, उघड्यावर अंतर राखून ठेवलेले कंटेनर आणि आगीवर मारलेले पाणी खाडीत न जाऊ देणारी अस्तराची टाकी या गोष्टी निविदेतच बंधनकारक हव्यात. (निविदेत नसलेले काम ठेकेदार करत नाही, हे सांगायला नकोच.) शिवाय बांधकामापूर्वीच तिथल्या मातीचे व पाण्याचे नमुने तपासून नोंदवावेत, अन्यथा दुर्घटनेनंतर तुलना कशाशी करणार?

— एक विद्युत अभियंता, रत्नागिरी