सत्काराला कोशाचे उपरणे का नाही?

मा. संपादक,
स. न.

परवा नागपुरात एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. घरी येऊन शाल उलगडली तर नेहमीचीच, चमचमणारी पॉलिस्टरची. निवृत्तीपासून अशा सहा शाली कपाटात पडून आहेत. ना पांघरता येतात, ना कुणाला देता येतात. आणि इथून दोनेक तासांवर, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडे, हातमागावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला जातो!

विदर्भाची करवतकाठी साडी आता विदर्भातल्याच मुलींना समजावून सांगावी लागते. माझ्या आईची एक अजून घरात आहे. अंग न रंगवलेल्या कोशाचे, मधाच्या रंगाचे. काठ गर्द लाल, आणि त्या काठाचे करवतीसारखे दाते अंगात घुसलेले. हे दाते छापलेले नाहीत. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या) चालतात, आणि जिथे काठ अंगाला भिडतो तिथे दर फेरीला लाल बाणा, म्हणजे आडवा धागा, कोशाच्या बाण्यात अडकून माघारी फिरतो. म्हणून काठ निखळ लाल राहतो. एकाच धोट्यावर उरकले की अंगाचा बाणा काठातही शिरतो आणि रंग मळकट दिसतो. मूळ कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचा. त्या किड्यांची राखण बहुतेक आपल्याकडच्या ढिवर समाजाची.

गेल्या दिवाळीत लेकीसाठी करवतकाठी मागितली, तर दुकानदाराने आधी पैठणीच पुढे केली. फारच आग्रह धरला तेव्हा दाते छापलेली साडी काढली. पैठणीशी माझे भांडण नाही. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे करवतकाठीलाही मिळाले. पण मागणीच नसेल तर विणकर तीन धोटे कशाला चालवील?

१९५३ च्या नागपूर कराराला धरून दर वर्षी हिवाळी अधिवेशन इथे भरते. त्या दिवसांत किती सत्कार होतात, किती शाली वाटल्या जातात! निदान सरकारी सत्कारांत तरी करवतकाठाचे कोशाचे उपरणे द्यावे. मागणी मात्र चार-सहा महिने आधी, अर्ध्या आगाऊ रकमेसह नोंदवावी. ऐनवेळी मागितले तर पुन्हा पॉलिस्टरच हाती येणार. महाग पडेल म्हणाल, तर पुष्पगुच्छ बंद करा. तसेही ते सभागृहातच राहतात.

माझ्या सहा शाली कुणाला हव्या असतील तर खुशाल घेऊन जाव्यात.

— एक निवृत्त शिक्षक, नागपूर