कार्नफोर्थच्या घड्याळाखालून

लँकेस्टर,
9 नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. शनिवारच्या कंपूने आता इंग्रजी सिनेमे बघायचं ठरवलंय हे वाचून बरं वाटलं. निदान त्या रात्री तरी राजकारणावरून आवाज चढणार नाहीत. पण तुम्ही पाठवलेल्या यादीतले निम्म्याहून जास्त सिनेमे अमेरिकेचे आहेत. 'इंग्रजीत बोलतात म्हणजे इंग्लंडचा' हा हिशेब इथल्या माणसापुढे मांडलात तर तो चहा अर्धा टाकून उठेल. खरं म्हणजे उठणार नाही. 'इंटरेस्टिंग' म्हणेल आणि बसून राहील.

फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, तिकडची माणसं कशी आहेत गं, आणि मी 'चांगली आहेत' म्हणून मोकळी होते. पहिलं वर्षभर मला ती कळतच नव्हती. इथल्या वॉर्डात ऑपरेशन होऊन चार तास झालेले, दुखण्याने ओठ पांढरे पडलेले, आणि आजोबांना 'कसं वाटतंय' विचारलं की उत्तर 'नॉट टू बॅड'. मी बापडी तेच खरं धरून पुढच्या खाटेकडे जायची. त्यांचं 'तसं बरंय' म्हणजे बरं नाहीये, हे मला वॉर्डात कमी आणि सिनेमांत जास्त समजलं. म्हणून तुमची यादी बाजूला ठेवून माझी पाठवतेय.

सुरुवात 'ब्रीफ एन्काउंटर'ने करा. 1945चा, कृष्णधवल, दीड तासाच्या आतला. दिग्दर्शक डेव्हिड लीन. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' बघून तो पूल बांधला कसा असेल यावर तुम्ही महिनाभर बोलत होतात ना, तोच हा माणूस. इथे मात्र पूल नाही, सैनिक नाहीत. एक जंक्शन आणि त्यातली चहाची खोली. दर गुरुवारी खरेदीला शहरात येणारी लॉरा, लग्न झालेली, दोन मुलांची आई. धडाडत जाणाऱ्या गाडीमुळे तिच्या डोळ्यात कण जातो आणि तिथे असलेला एक डॉक्टर रुमालाच्या टोकाने तो काढून देतो. तोही बायकापोरांचा धनी. पुढे काही गुरुवार ती दोघं भेटतात. एवढीच गोष्ट.

आता बघा. कायमचा निरोप घ्यायची वेळ आलीय, हातात शेवटची काही मिनिटं आहेत, आणि लॉराच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन त्यांच्याच टेबलाशी बसते. दोघांना एक शब्द बोलता येत नाही. गाडीची वेळ होते, डॉक्टर उठतो, जाता जाता लॉराच्या खांद्यावर हात ठेवतो, जरासा दाबतो आणि बाहेर पडतो. सिनेमा सुरूच या प्रसंगाने होतो आणि तेव्हा आपल्याला काही उमगत नाही, कोणीतरी उठून गेलं एवढंच दिसतं. शेवटाकडे तोच प्रसंग पुन्हा येतो. तेव्हा तो खांद्यावरचा हात बघवत नाही. मी पहिल्यांदा बघितला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर गेले आणि 'नॉट टू बॅड'वाल्या आजोबांशेजारी खुर्ची ओढून बसले.

ते स्टेशन इथून दहा मिनिटांवर आहे, कार्नफोर्थ. चित्रीकरण फेब्रुवारी 1945मध्ये झालं, युद्ध अजून चालू होतं. लंडनच्या आसपास रात्री फलाटावर झगझगीत दिवे लावणं शक्यच नव्हतं. इतक्या उत्तरेला विमानं येण्याआधी सूचना मिळून दिवे घालवायला वेळ मिळाला असता, म्हणून ही जागा निवडली. दिवसा वाहतूक, म्हणून काम रात्रीचं. गोष्टीत स्टेशनाचं नाव मिलफर्ड जंक्शन आहे, पण फलाटावरच्या पाट्यांवर लीड्स आणि मोरकॅम्ब ही इथली खरी नावं तशीच राहिलीत. तुम्ही रेल्वेतले, तुमच्या नजरेतून ती सुटणार नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मागच्या सुट्टीला जाऊन आले. ते दोन तोंडांचं लोंबतं घड्याळ आहे, भुयारी रस्त्याला पायऱ्यांऐवजी उतार आहे, ज्यावरून लॉरा धावते. चहाची खोली सिनेमातल्यासारखी सजवलीय (सिनेमातली मुळात स्टुडिओत उभारलेली होती, म्हणजे ही नकलेची नक्कल, पण चहा खरा आहे). शेजारच्या लहानशा खोलीत दिवसभर तोच सिनेमा चालू असतो. तुम्हाला खटकेल ते असं, की मुख्य लाइनचे फलाट 1970मध्ये बंद केलेत. लंडन-ग्लासगोच्या गाड्या न थांबता धडधडत जातात आणि थांबते ती बाजूच्या फाट्याची दोन-तीन डब्यांची गाडी. जंक्शन म्हणावं आणि मेलने थांबू नये! मिरजेच्या माणसाला हे पटणार नाही.

दुसरा 'केस'. डोक्यावरचे नव्हेत आणि कोर्टातलीही नव्हे. हे एका शिकारी पक्षिणीचं नाव आहे, ससाण्याच्या जातीतली, आकाराने लहान. 1969चा, केन लोच या दिग्दर्शकाचा, यॉर्कशरमधल्या बार्न्सली या कोळसाखाणीच्या गावात घडणारा. बिली नावाचा शाळकरी पोरगा, घरी थोरला भाऊ बडवणारा, शाळेत सगळेच बडवणारे. तो घरट्यातून पिल्लू आणतो आणि पुस्तकात वाचून त्याला शिकवतो. खालच्या ओळी (सबटायटल्स) लावूनच बघा, कारण ती बोली मलाही पहिल्यांदा कळली नाही. माझ्याबरोबरच्या यॉर्कशरच्या सिस्टरने सांगितलं, तू हा सिनेमा चार वेळा बघ, मग मी काय बोलते ते समजेल. दोनदा बघितला, निम्मं समजतं.

त्यात खेळाचे मास्तर आहेत. फुटबॉलच्या तासाला स्वतःच एका संघाकडून खेळतात, स्वतःच पंच, स्वतःच स्वतःला पेनल्टी देतात आणि स्वतःला बॉबी चार्लटन (इंग्लंडचा नावाजलेला फुटबॉलपटू) समजतात. पोट धरून हसाल. पण हेडमास्तरांच्या खोलीत पोरांना छड्या पडतात. त्यात एक चिमुरडा नुसता निरोप सांगायला आलेला असतो, त्याला बोलूच देत नाहीत, तोही हात पुढे करून मार खातो. आमच्या शाळेतही असं व्हायचं, पण तेव्हा मला त्यात विनोद दिसायचा. शेवट सांगत नाही. आईला सांगा, शेवटची दहा मिनिटं स्वयंपाकघरात जायची असतील तर जा.

याच लोचने ऐंशीला टेकल्यावर, 2016मध्ये 'आय, डॅनियल ब्लेक' काढला आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च बक्षीस मिळवलं. न्यूकॅसलचा एकोणसाठ वर्षांचा सुतार, हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नको, सरकारी खातं म्हणतं तू धडधाकट आहेस, नोकरी शोध. अर्ज संगणकावर भरायचा. माउस वर न्या म्हटल्यावर तो माउस उचलून पडद्यावर टेकवतो. अण्णा, दर नोव्हेंबरला तुम्ही हयातीचा दाखला द्यायला जाता, समोर जिवंत उभे असता आणि मशीन म्हणतं अंगठा जुळत नाही. तुम्हाला हा सिनेमा समजावून सांगायची गरज नाही. फक्त अन्नवाटप केंद्रातला प्रसंग येईल, जिथे मुलांसाठी स्वतः उपाशी राहणारी बाई तिथेच डबा फोडून हातानेच घास घेते. विलायतेत असं असतं का, असं कंपूत कुणी विचारेल. असतं. माझ्या गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये दर आठवड्याला रांग लागते.

बाकीचे भरभर सांगते. 'द थर्ड मॅन' (1949) तुमच्या तंतुवाद्यवाल्या काकांसाठी. युद्धानंतरचं पडझड झालेलं व्हिएन्ना, रहस्य, गटारातला पाठलाग, आणि पार्श्वसंगीत सबंध सिनेमाभर एकाच वाद्याचं. झिथर म्हणतात त्याला, आपल्या स्वरमंडलाच्या कुळातलं. काकांनी पहिल्या मिनिटाला कान टवकारले नाहीत तर मला सांगा. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' त्याच वर्षीचा. ॲलेक गिनेस या नटाने एका घराण्यातली आठ माणसं केलीत, त्यात एक बाईसुद्धा. आपल्या पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मध्ये पाच केली, आणि तीही रंगमंचावर, तेव्हा माझं मत कुणाला ते ओळखा. 'ब्लॅक नार्सिसस' (1947) मध्ये अख्खा हिमालय इंग्लंडमधून न हलता काचेवर रंगवून उभा केलाय. गोऱ्या नटीला सावळा रंग फासून आपली पोरगी केलीय, तिथे चिडाल, पण रंग बघण्यासाठी बघाच. 'गांधी' तुम्ही पाहिलाय. पुन्हा लावाल तेव्हा रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांकडे आणि डॉ. लागूंच्या गोखल्यांकडे बघा, आणि कपड्यांकडेही. त्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं.

आईला आणि तिच्या भिशीतल्या बायकांना 'भाजी ऑन द बीच' (1993). आपल्याकडच्या बायका बर्मिंगहॅमहून बस करून ब्लॅकपूलला सहलीला निघतात, सासवा, सुना, नवऱ्याला सोडून आलेली एक, आणि प्रत्येकीच्या पिशवीत खायचं. ब्लॅकपूल इथून जवळच. उन्हाळ्यात आई आली की नेईन.

या सिनेमांच्या चकत्या (डीव्हीडी) डिसेंबरमध्ये येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवतेय. इथे चॅरिटी शॉपमध्ये पाऊण-एक पौंडाला मिळतात. त्यांचा रीजन (कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालायचं त्याची खूण) वेगळा असतो, आपल्या प्लेअरवर चालतील की नाही ते शेजारच्या बंड्याकडून आधी बघून घ्या.

आणि एक राहिलंच. 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये अल्बर्ट नावाचा तिकीट तपासनीस आहे. ड्यूटीवर असताना सारखा चहाच्या खोलीत, मालकिणीशी लाडीगोडी लावत गल्ल्यापाशी उभा. तुमच्या स्टेशनात असता तर मेमो दिला असता की नाही, तेवढं मात्र परतटपाली कळवा.

आईला नमस्कार.

तुमची,
मंजू