थंड राहिलेलं चाक

अंबाजोगाई
रविवार, दुपार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोन केलास तेव्हा तू घाईत होतीस, मागे शाळेतल्या पोरांचा गलका चालू होता, आणि गाडीचं दुखणं फोनवर निम्मंच कळतं. म्हणून लिहायला बसलो. तुझी आई म्हणते, पत्र पोरीला लिहायलात का गाडीला? म्हटलं, दोघींना.

तू म्हणालीस, "आण्णा, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायली." आणि तिथल्या मिस्त्रीनं चाक न खोलताच सांगून टाकलं की डावे ब्रेकचे पॅड गेलेत, बदला, वरून चाकांची अलाइनमेंट करा. त्याला अजून एक रुपया देऊ नकोस. डावीकडं ओढते म्हणजे डाव्या चाकात खोट, हे ऐकायला सरळ वाटतं. पण बऱ्याचदा उलटंच निघतं.

आजोबांची बैलगाडी आठव. डावा बैल थबकला आणि उजवा चालतच राहिला, तर गाडी कुठं वळायची? डावीकडं. ब्रेकचं तसंच आहे. डावं चाक थांबायलंय, उजवं पळतंय, म्हणून गाडीचं तोंड डावीकडं फिरतं. आता यात कामचुकार कोण? डावं बिचारं नेमून दिलेलं काम करतंय. चोर उजवीकडं बसलाय. कधीकधी डावंच चाक जास्तीचं धरतं, तेही होतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत कामचुकार चाकच जास्त वेळा सापडलं.

हे मला कुणी शिकवलं नाही, फजितीनं शिकलो. १९९८ चा उन्हाळा, गॅरेज नवीन होतं. एका काळी-पिवळीवाल्याची जीप उजवीकडं ओढायची. मी उजव्या ड्रमचे लायनर, म्हणजे आतून ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, बदलले. चार दिवसांनी तो परत आला. मी पुन्हा उजवाच ड्रम खोलला, घासला, बसवला. तिसऱ्यांदा तो रात्री आला. मांजरसुंब्याचा घाट बीडकडं उतरताना गाडी आडवी होता होता वाचली होती, गाडीत नऊ माणसं. त्यानं एक शिवी दिली नाही, नुसता चहा मागितला, ते जास्त लागलं. मग कुठं मी डावा ड्रम काढला. आतला व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा भाग, पाझरत होता, लायनर ब्रेक ऑइलनं भिजून चिंब. घसरडा लायनर ड्रम धरणार कसा? दोन वेळा मी चांगल्या चाकावर इलाज करत बसलो होतो.

तर आता तू काय करायचं ते सांगतो. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघ. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल, किंवा पेडल दाबल्यावर खाली खाली जात असेल, तर गाडी जागची हलवायची नाही. शाळेला बसनं जा. आपल्या गाडीसारख्या बऱ्याच लहान गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरक्या जोडलेल्या असतात, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. म्हणजे एक जोडी बाद झाली तरी दुसरी गाडी थांबवते. पण मग पुढचं एकच चाक धरतं आणि गाडी हिसका देते. तेल ठीक असेल तरच पुढचं वाच.

हवा चारही टायरची सकाळी थंड असताना भर. पुढच्या दोन टायरांत फरक असला तरी गाडी ओढते, पण ती ब्रेक न मारताही ओढते. तेवढा भेद लक्षात ठेव. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं डाव्या बाजूनं चालताना गाडी थोडी डावीकडं झुकणारच. तो आजार नाही. पावसात रात्रभर उभी राहिली असली तर सकाळचे पहिले दोन-चार ब्रेकही सोडून दे, डिस्कवरचा, म्हणजे पॅड धरतात त्या चकतीवरचा, गंज निघून जातो.

मग पहाटे, अंबडच्या रस्त्याला वर्दळ नसताना, सपाट तुकडा बघून तीस-चाळीसच्या वेगानं चाल. मागे कुणी नाही हे आरशात बघ. स्टेअरिंग सैल धर, सोडू नकोस, आणि ब्रेक हळू दाब. आणि मनात टिपून ठेव की ओढ नेमकी कधी लागते. पाय ठेवताच हिसका बसून मग गाडी सरळ होते का? म्हणजे एका बाजूला दाब उशिरा पोचतोय. पाय काढल्यावरही ओढ राहते का? म्हणजे कुठलं तरी चाक सुटत नाही, धरून बसलंय. ब्रेकला एकीकडं आणि रेस दिली की दुसरीकडं जाते, वर खालून टक्क असा आवाज? मग ब्रेकचा दोष नाही, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचं रबरी बुश नाहीतर बॉल जॉइंट, म्हणजे तिथला सांधा, गेलाय. अलाइनमेंटवाला याच गाडीवर दोनदा पैसे घेतो आणि बुश तसंच राहतं. आता अलाइनमेंटला गाडी नेऊ नकोस ते यासाठीच.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. पाच-सात किलोमीटर नेहमीसारखी चालव, आठ-दहा वेळा ब्रेक मार, थांब, आणि लगेच खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात ने. लावू नकोस, भाजेल. नुसती धग बघ. दोन्हीकडं सारखी धग पाहिजे. उजवं थंड आणि डावं गरम असेल, तर डाव्यावर दोघांचं ओझं पडतंय आणि उजवं झोपलंय. डावं खूपच तापलं असेल, जळका वास येत असेल आणि उजवं साधारण गरम असेल, तर डावं धरून बसलंय. मिस्त्री लोक तापलेलं चाक शोधतात. तू थंड चाक शोध.

मला उजव्याचाच संशय आहे आणि त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात दोन महिने गाडी शेताच्या बांधाला उभी होती, उजवी चाकं काळ्या चिखलात. आपली माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. त्याच्यातल्या पिस्टनवर रबराचं पातळ बूट असतं, ते फाटलं की ओल आत शिरते आणि पिस्टनला गंज धरतो. डिस्क ब्रेकला पॅड मागं ओढायला स्प्रिंग नसते, हे तुला माहीत नसेल. पिस्टनभोवती रबराची एक चौकोनी कडी असते. ब्रेक दाबला की ती जराशी पिळते, सोडला की उलगडते आणि पिस्टनला केसभर मागं घेते. एवढ्यावर सगळा कारभार चालतो. गंजलेल्या पिस्टनला ती कडी मागं खेचू शकत नाही, आणि गंज वाढला तर तेलाचा दाबही त्याला पुढं ढकलू शकत नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना जाम झाल्या तरी तेच. मग आतला पॅड झिजून पत्र्याला येतो आणि बाहेरचा जाड राहतो. पॅड काढले की आधी हे बघायचं.

पुढचं काम तू एकटीनं करू नकोस, मी येतोय. पण तुला कळावं म्हणून लिहितो, उद्या दुसऱ्या कुणाकडं गाडी गेली तर तो करतोय का नाही ते तुला दिसलं पाहिजे. मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर उचलायचं आणि चेसिसखाली स्टँड द्यायचा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाक फिरवून बघायचं. उजवं हातानं फिरलं तर ते धरतच नाही. मग कॅलिपरची निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून पेडल दाबायचं. तेल डाव्यासारखंच जोरात आलं तर नळी ठीक आहे, पिस्टन जाम आहे. थेंब थेंब आलं तर रबरी होज, म्हणजे कॅलिपरला तेल नेणारी लवचिक नळी, आतून सुजून बंद झालाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून कुणी त्याच्यावर शंकाच घेत नाही. आणि चाक धरून बसलं असेल, तर निपल सैल करताच चाक सुटलं की समजायचं तेल आत अडकलंय, होज परतू देत नाही. नाहीच सुटलं तर पिस्टन किंवा पिना. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यानं हजारांचे पॅड वाचतात. निपल उघडली की नंतर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावीच लागते, ती न काढता गाडी घ्यायची नाही.

तिथल्या गॅरेजात कुणी रबर पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुवायला लागला तर त्याचा हात धर. ब्रेकचं रबर त्यानं फुगतं आणि महिन्याभरात तेच दुखणं परत. ब्रेक ऑइलनंच धुवायचं. साधं ग्रीसही पिनांना नाही चालत. पॅड बदलायचे ठरलेच तर दोन्ही बाजूंचे एकदम. आपलं ब्रेक ऑइल बदलून तीन वर्षं होऊन गेली, चूक माझी. ते हवेतली ओल पितं, आणि ओल प्यालेलं तेल लवकर उकळतं. ते आता सगळंच बदलू.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतो, बीड, गेवराई, शहागडचा पूल करत दुपारपर्यंत पोचेन. तोवर गाडी गावातच चालव, घाट नाही, हायवे नाही. आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे, ती पिशवी मी पान्यांपासून लांब ठेवीन असं तिनं वदवून घेतलंय.

आरसीवरचं साल आणि चेसिस नंबर मला आजच कळव. होज आणि कॅलिपरची रबरं मी इथूनच आणतो. आणि चाकांची धग बघितलीस की फोन कर, कुठलं थंड निघालं ते सांग.

तुझे,
आण्णा